फोनवर शिकलेली सिमर नव्हेत म्हणे!

निपाणीवाली: परवा इथं टिळकवाडीच्या काकांनी पोस्ट टाकली की २०२० चं एमएसएफएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा गेम, बघून आलेली लॉकडाऊनची पोरं सिमर (कॉम्प्युटरवर विमान उडवणारी) नव्हेत, सिमर म्हणजे त्याच गेमच्या जुन्या एफएस ९८ पासून आलेला. दोन दिवस गप्प बसले, आता राहवेना. काका, एफएस ९८ आलं तेव्हा मी जन्मलेच नव्हते, त्यात माझी काय चूक? मी शिकले आईच्या फोनवर, इन्फिनाईट फ्लाइट नावाच्या विमानाच्या ॲपवर, तेही चार्जर लावूनच कारण बॅटरी टिकायची नाही. मग मामाच्या ऑफिसातला जुना पीसी आला, त्यावर नवा गेम चालायचा प्रश्नच नाही, म्हणून फ्लाइटगिअर हा दुसरा सिम्युलेटर टाकला. व्हीओआरची (रेडिओवरनं दिशा दाखवणारी) सुई पकडणं, क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, नाक वाऱ्याकडं ठेवून येणं, सगळं त्याच्यावरच शिकले. मग मी कोण?

टिळकवाडी_काका: बाळ रागावू नको. पण आम्ही काय भोगलंय ते तुम्हाला कळायचं नाही. गेम चालू केला की शिकागोच्या मेग्ज फिल्ड विमानतळावर सेसना, छोटं विमान, उभं. मी आयुष्यात पुण्याच्या पुढं गेलो नाही पण तो रनवे आणि कडेचं तळं तोंडपाठ. २००३ ला रातोरात बुलडोझर घालून तो खरा रनवे उखडला तेव्हा दोन घास गेले नाहीत. तुम्हाला काय, अख्खी पृथ्वी बिंग मॅपवरनं आयती.

खानापूरचा_कॅप्टन: आयती कसली, दीडशे जीबी उतरवायचं आणि मधेच लाईट जाते, ते भोगणं नव्हे काय? बरं काका, तो एफएस ९८ विकत घेतलेला?

टिळकवाडी_काका: त्याचा इथं काय संबंध.

खानापूरचा_कॅप्टन: संबंध आहे की! बेळगावच्या खडेबाजारातली कॉपी केलेली सीडी, वर स्केचपेननं नाव. लाजताय कशाला, मी पण तिथलंच गिऱ्हाईक. त्याच गेमच्या पुढच्या एफएस २००४ च्या चार सीड्या, त्यातली तिसरी कधी चाललीच नाही, तीनदा बदलली, शेवटी दुकानदार म्हणाला विमान हवेतच हाय समज. आता नव्या पोरांनी पैसे मोजून घेतलं तर ती खोटी आणि आपण खरे?

कॅम्पातला: ह्यात हसण्यासारखं काय आहे? मी पहिल्या पगारात त्याच्याही पुढच्या एफएसएक्सची ओरिजिनल पेटी घेतली, दोन डीव्हीडी, बायको अजून उकरून काढते. चोरी ती चोरीच.

खानापूरचा_कॅप्टन: आला हरिश्चंद्र. तुला पगार होता बाबा. आम्ही पैसे मागूलालो की बाप म्हणायचा आधी एसएसएलसी, दहावी, पास हो.

कॅम्पातला: बाप नाही म्हणाला म्हणून चोरायचं? उद्या कुणाची बाईक पण उचलशील.

खानापूरचा_कॅप्टन: तोंड सांभाळून. समोर ये मग बोल.

कॅम्पातला: येतो की, किल्ला तलावाला ये. येताना ती तिसरी सीडी पण आण.

निपाणीवाली: अहो माझा प्रश्न राहिला बाजूला, तुम्ही सीड्यांवर काय भांडूलाय! फ्लाइटगिअर फुकट आहे आणि कायदेशीर पण. म्हणजे ह्या तिघांपेक्षा मीच बरी, कॅम्पवाले दादा सोडून. आणि काका, एवढे जुने तुम्ही, आयएलएसवर, म्हणजे रनवेच्या रेडिओ सिग्नलवर, उतरता ना?

टिळकवाडी_काका: खरं सांगू? आयएलएस मला कधी जमलंच नाही. कीबोर्डचं वाय बटण दाबून स्ल्यू करायचो, म्हणजे न उडवताच विमान उचलून रनवेच्या तोंडाशी ठेवायचो, इंधन अनलिमिटेड. बरं बाई, तू सिमर. मी पोस्ट मागं घेत नाही, पण तू सिमर. फोनला मात्र सिम्युलेटर म्हणणार नाही. फोनमध्ये सिम असतंय, तेवढंच.

निपाणीवाली: चालेल. वायवाल्याकडनं एवढं मिळालं, खूप झालं.

कॅम्पातला: काका, तुमचा जॉयस्टिक विकायचा म्हणाला होता ना. यूएसबी का?

टिळकवाडी_काका: १५ पिनचा, जुन्या पीसीचा.

कॅम्पातला: मग राहू दे.