गोव्यातल्या साखळीत वाढलेलं कोण आहे का इथे?

वाळवंटीकाठचा: नोकरीमुळे पुण्यात असतो, पण तुळशीचं लग्न झालं की डोकं साखळीत जातं. विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला नदीत होड्या सोडतात, ते आठवतं का? तुमच्या वाड्यावर होडी कशाची करायचे?

खाजेप्रेमी: आठवतं म्हणजे काय! आम्ही केळीच्या खांबांवर बांबूच्या कामट्या नि पतंगाचा कागद लावायचो, आत पणती, आणि अर्धं लक्ष दादाच्या शिव्यांकडे कारण खळ जास्त झाली की कागद सुरकुतायचा, मग फाडा आणि परत लावा. हल्ली थर्माकोल नि एलईडी. दिसतं भारी, पण मजा नाय.

डिचोलीची पोर: नुसतं गोड गोड नको हां. खनिजाचे ट्रक विसरलात? 2012 ला खाणी बंद होईपर्यंत वाळत घातलेले कपडे तांबडे व्हायचे, आई परत धुवायला काढायची.

खाजेप्रेमी: खरं गो. पण त्याच ट्रकवर आमचं घर चालायचं, बाबा ड्रायव्हर होते. बंदीनंतर ट्रक दारातच गंजला.

वाळवंटीकाठचा: आमच्या शेजाऱ्यांचं पण सेम. बरं, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकून उंड्यांसाठी (गोल पावांसाठी) धावणारे किती जण आहेत, हात वर करा!