स्पीडोमीटरचा काटा घरी दुरुस्त केलाय का? तुमचे अनुभव लिहा

आमच्या १९९६च्या मारुती ८००चा काटा आधी ४०वर थरथरला, मग शून्यावर जाऊन बसला. किलोमीटरचे आकडेही थांबले. अशा गाडीत दोन्ही एकदम बंद पडले की आधी केबल बघायची, हे वडिलांनी शिकवलेलं. मीटर पुढे ओढून केबल सोडवली, आतली तार चिमटीत धरून ओढली, तर वीतभर तुकडाच हातात आला. टोकाचे पदर पिंजारलेले. वय झालं होतं तिचं.

नवी केबल घातली. मीटरला जोडण्याआधी जॅकवर उचललेलं चाक लेकीला हातानं फिरवायला लावलं आणि तारेचं चौकोनी टोक फिरताना पाहिलं. ग्रीस अगदी पातळ लावा आणि मीटरकडची चार बोटं तार कोरडी ठेवा, नाहीतर ते मीटरमध्ये चढतं. आत केबल चुंबक फिरवते. त्याभोवतीची अ‍ॅल्युमिनियमची वाटी त्याला कुठेही टेकत नाही, तरी त्याच्यामागे वळू पाहते आणि केसाएवढी स्प्रिंग तिला अडवते. काटा उभा राहतो तो या ओढाताणीवर! मला हे फार सुंदर वाटतं.

तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहा.

*

सांगली. आमच्या गाडीला केबल नाहीच, सेन्सर आहे. पावसाळ्यात शेतातून आल्यावर काटा पडला आणि एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला. पुढच्या चाकाजवळचा वायरचा जोड उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या. बॅटरीची निगेटिव्ह काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वाळू दिला, जोडला. दिवा गेला, काटा चालू.

*

दापोली. वायर उंदरानं कुरतडली होती. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. नुसती टेप गुंडाळू नका, इथल्या दमटपणात टिकत नाही.

*

पुणे. माझा काटा चालत होता, पण खोटं बोलत होता. मोठे टायर घातल्यावर संशय आला. एक्स्प्रेस वेवर काटा ८०वर धरला, शेजारी बसलेल्या भावानं घड्याळ लावलं. एका किलोमीटरला ४५ सेकंद लागायला हवेत, लागले ४३. म्हणजे खरा वेग ८४च्या आसपास. मूळ मापाचे टायर परत घातले.

*

नाशिक. आमच्याकडे उलट झालं, आकडे फिरायचे, काटा मेलेला. म्हणजे केबल ठीक, दोष मीटरच्या पोटात. मी काटा उपसून काढला, तिथेच चुकले. तो नेमका कुठे बसवायचा याची खूण केली नव्हती. शेवटी मीटर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी तीन वेगांवर जुळवून दिलं आणि म्हणाले, “ताई, आकड्यांना हात लावलेला नाही, पावतीवर लिहून देतो.” ती पावती गाडीच्या कागदांत ठेवली आहे, पुढे गाडी घेणाऱ्याला दाखवायला.