मदत हवी आहे: टोल्याचं घड्याळ मागे पडतंय

लेटलतीफ: भिंतीवरचं चावीचं घड्याळ रोज 6 मिनिटं मागे पडतं. लोलकाखालचा नट फिरवून झाला, फरक शून्य. "दुकानात द्या" सोडून काहीही सांगा. लवकर.

ओळंबा: किती फेरे? कुठल्या बाजूला? फरक किती वेळाने बघितला? टोला पडतो तेव्हा मिनिटकाटा 12 वरच असतो का?

सेलवाला: मशीन काढून क्वार्ट्झचं बसवा. क्रिस्टल सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, महिन्याला मिनिटभरसुद्धा चुकत नाही.

लेटलतीफ: सेल नकोय हो! टोला 12 वरच पडतो. नट उजवीकडे दोन फेरे. तासाभराने बघितलं, जैसे थे.

ओळंबा: तासाभरात कळणारच नाही. दिवसाला 6 मिनिटं म्हणजे तासाला 15 सेकंद. सेकंदकाटा नसेल तर मिनिटाच्या दोन रेघांमधला पाव भाग, तो डोळ्यांना काय दिसणार? टोला 12 वर पडतोय, म्हणजे काटा ढिला नाही. लोलकाची लांबी सांगा, वरची पट्टी वाकते तिथून चकतीच्या मध्यापर्यंत.

जडभारी: चकतीला मागून शिसं चिकटवा, आपोआप वेग येईल.

ओळंबा: वजनाचा वेळेशी संबंध नाही.

गुरुत्वमध्य: सरसकट असं नाही. लंडनच्या बिग बेनच्या लोलकावर एक जुनी पेनी ठेवली की ते दिवसाला 0.4 सेकंद पुढे जातं. नाणं चकतीच्या बरंच वर बसतं, वजनाचा मध्य वर सरकतो, लोलक जणू आखूड होतो. चकतीच्या मध्यावर शिसं लावून काही होणार नाही.

जुनीवेळ: 6 मिनिटांचं काय घेऊन बसलात! मुंबईत 1955 पर्यंत बॉम्बे टाइम चालायचा, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे.

गुरुत्वमध्य: त्यासाठी वेगळा धागा काढा.

लेटलतीफ: 25 सेमी. आता उपाय सांगाल का?

ओळंबा: 1440 पैकी 6 मिनिटं म्हणजे 240वा भाग. वेळ लांबीच्या वर्गमुळावर चालते, म्हणून लांबी त्याच्या दुप्पट प्रमाणात कमी करायची: साधारण 2 मिमी. आटे अर्ध्या मिमीचे असतील तर चार फेरे, एका फेऱ्याला दिवसाचं जवळपास दीड मिनिट. तुमचे दोन झालेत. उद्या याच वेळी 3 मिनिटं मागे दिसलं तर त्याच बाजूला आणखी दोन द्या. 9 दिसली तर चकती खाली उतरवलीय. फिरवताना लोलक थांबवून चकती हातात धरा, नाहीतर वरची पट्टी पिळवटते.

लेटलतीफ: म्हणजे उद्यापर्यंत थांबायचं?

ओळंबा: हो. आणि वेळ लावताना काटा उलटा फिरवू नका, टोल्यांचा हिशोब चुकतो.