इमुलेटर लावला की बोर्ड शहाणा, चिप बसवली की अडतो

मूकपिन:
८०३१ वरचा (८०५१ घराण्यातला प्रोसेसर) जुना कंट्रोलर बोर्ड दुरुस्तीला आलाय. बाहेर २७सी२५६ ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारी मेमरी चिप), मध्ये ७४एचसी३७३ लॅच (पत्त्याचा काही भाग धरून ठेवणारी चिप), क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झ. थंड असताना झकास चालतो. वीस-पंचवीस मिनिटांनी अडकतो, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की प्रोसेसर पुन्हा सुरू करणारं सर्किट) रीसेट करतो, जरा चालतो, परत तेच. कपाटातून इन-सर्किट इमुलेटर (प्रोसेसरच्या जागी बसून त्याचं काम करणारं तपासणी-यंत्र) काढला, प्रोसेसर उपसून त्याच्या जागी इमुलेटरचा पॉड (जोडणीचं टोक) खोचला, हेक्स फाइल (प्रोग्रामची फाइल) लोड करून 'गो' दिलं. चार तास झाले, एकदाही अडकला नाही! म्हणून प्रोसेसर बदलून पाहिला. दोन नवे बसवले, दोन्ही अडकतात.
संबंध असेल-नसेल, पण इमुलेटरवर चालवताना सिरियल पोर्टवर कचरा अक्षरं येतात. चिपवर तेच मेसेज ९६०० बॉडला (सिरियलचा वेग) स्वच्छ दिसतात. आता कुठे शोधू?

अर्धवाहक:
इमुलेटर कोण वापरतं आता? जेटॅग (चिपमध्येच असलेली तपासणीची जोडणी) लावा आणि मोकळे व्हा.

खडूस_टेस्टर:
@अर्धवाहक, ८०३१ ला जेटॅग लावायचं कुठे? ८०५१ घराणं १९८० चं, जेटॅगचं आयट्रिपलई मानक १९९० चं.

मूकपिन, 'संबंध नसेल' म्हणून शेवटी टाकलेली ओळच कामाची आहे. ११.०५९२ वर टायमर १ चा रीलोड (सिरियलचा वेग ठरवणारा आकडा) हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, एफडी ठेवला की बरोबर ९६०० मिळतात. तोच रीलोड १२ मेगाहर्ट्झवर चालवला की १०४१७ होतात, म्हणजे साडेआठ टक्के चूक. सिरियल एवढं सोसत नाही. म्हणजे तुमचा इमुलेटर स्वतःच्या क्लॉकवर चाललाय, बोर्डचा क्रिस्टल नुसता बसून आहे.

आता पुढचं. तुम्ही हेक्स फाइल लोड केलीत ती गेली कुठे? इमुलेटरच्या स्वतःच्या ओव्हरले मेमरीत (बोर्डच्या मेमरीऐवजी वापरली जाणारी). म्हणजे बोर्डवरचं ईप्रॉम, त्याचं सॉकेट, लॅच, ॲड्रेसचे ट्रॅक यांतलं काहीच त्या चार तासांत तपासलं गेलं नाही. तुम्ही बोर्ड चालवला नाहीत, इमुलेटर चालवलात. बोर्डचे फक्त दिवे लागले.

मीसुद्धा यात दोन दिवस घालवलेत. इमुलेटर सुरू होताना आतली रॅम शून्य करायचा, खरी चिप करत नाही. रीसेटनेही ८०५१ ची आतली रॅम पुसली जात नाही. एक व्हेरिएबल शून्य करायचं मी विसरले होते आणि दोष देत होते पॉवर सप्लायला. तुमच्याकडे ते नसावं, कारण तुमचा बोर्ड थंड असताना सुरळीत चालतो. गरम झाल्यावर बिघडतंय म्हणजे मला जोडणीचा वास येतोय.

एकेक गोष्ट बोर्डला परत द्या. आधी क्लॉक बाहेरचं करा. सिरियल सुधारलं की तेवढं नक्की झालं. मग मॅप (कुठला पत्ता कुठल्या मेमरीतून वाचायचा ती सेटिंग) बदलून प्रोग्राम मेमरी टार्गेटवर, म्हणजे बोर्डवर, टाका, म्हणजे कोड बोर्डच्याच ईप्रॉममधून येईल. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही. प्रोग्राम संपतो त्याच्या पुढच्या सगळ्या पत्त्यांवर ब्रेक लावा, म्हणजे प्रोसेसर तिथे पोचला की इमुलेटर थांबेल. रिकाम्या ईप्रॉममध्ये एफएफ असतं आणि ८०५१ ला ती चक्क 'मूव्ह आर७, ए' ही सूचना वाटते, त्यामुळे भरकटलेला प्रोसेसर तिथून बिनबोभाट चालत राहतो. ब्रेक बसला की ट्रेस बफर (आधी चाललेल्या सूचनांची नोंद) मागे सरकवत लिस्टिंगशी (पत्त्यांसकट छापलेला प्रोग्राम) ताडून पाहा.

मूकपिन:
ताई, बाहेरच्या क्लॉकवर सिरियल स्वच्छ आलं, अडकलं काहीच नाही. मॅप टार्गेटवर टाकला आणि बाविसाव्या मिनिटाला ब्रेक! प्रोग्राम हेक्स पत्ता १८०० च्या आत संपतो, मी तिथून पुढे ब्रेक लावला होता. ट्रेसमध्ये मागे गेलो तर ०९४० या पत्त्यावर लिस्टिंगमध्ये आहे ते नाही, भलतीच बाइट आली आहे. तिथून पुढच्याही सगळ्या भलत्याच. ईप्रॉम काढून प्रोग्रामरवर व्हेरिफाय केलं, ते ठीक आहे.

खडूस_टेस्टर:
त्या भलत्या बाइट्स लिस्टिंगमध्ये दुसरीकडे कुठे सापडतात का? ०१४० ला बघा.

मूकपिन:
अगदी तंतोतंत ०१४० च्याच आहेत! कसं ओळखलंत?

खडूस_टेस्टर:
०९४० वजा ०१४० म्हणजे हेक्स ०८००, म्हणजे एकच ॲड्रेस लाइन (पत्त्याचा एक बिट नेणारी तार), ए११. इतर कुठली लाइन तुटली असती तर फरक वेगळा आला असता. प्रोसेसरने ए११ वर १ दिला, ईप्रॉमला ० दिसला. पॉवर बंद करा आणि प्रोसेसरच्या सॉकेटची पिन २४ ते ईप्रॉमची पिन २३ मीटरने तपासा. थंडीत बीप वाजेलच, त्यावर विश्वास ठेवू नका. हेअर ड्रायरने गरम करत, सॉकेट बोटाने जरा हलवत बघा.

मूकपिन:
गरम केल्यावर बीप गेला. ईप्रॉम सॉकेटच्या २३ नंबरला ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाग), भिंगातून पिनेभोवती कडी दिसते. डाग दिला. आता मूळ चिपवर तीन तास चालू आहे.

खडूस_टेस्टर:
छान. पण शेजारच्या रेग्युलेटरने तापत असेल तर एकट्या तेवीसची ही गत असायची नाही, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पिनांना परत डाग द्या. आणि इमुलेटर कपाटात ठेवण्याआधी क्लॉकची सेटिंग काय ठेवलीत ते पॉडला चिठ्ठी लावून लिहा.