मदत हवी आहे : क्रोमनंतर बंपरवरची नक्षी बुजली, रेषांतला रंगही सुटतोय

इम्पाला_६४ :
१९६४ची शेव्हरोले इम्पाला सॅन होजेत शोसाठी लोरायडर (खाली झुकवलेली, सजवलेली गाडी) म्हणून बांधतोय. पुढच्या स्टील बंपरची टोकं हाताने कोरून घेतली, मग तांबं, निकेल, क्रोम असा नेहमीचा मुलामा. मोठी वेलबुट्टी शाबूत आहे, पण पानांतल्या बारीक छटारेषा बुजल्या. खोल रेषांच्या तळाशी पिवळट झाक दिसते. त्यात लाल कँडी (पारदर्शक रंग) भरली, ती नखाने सालीसारखी निघते. पानांवर सोन्याचा मुलामाही हवाय. सगळं उतरवून पुन्हा करेन, फक्त क्रम सांगा.

छिन्नीबहाद्दर :
नक्षी तांब्याने खाल्ली. चमकदार आम्ल-तांबं खड्डे भरून सपाटी आणतं. ओरखडे लपावेत म्हणून ते जाड चढवतात, आणि त्याच्या लेखी तुमची छटारेषही ओरखडाच. म्हणून कोरायचं ते तांबं चढवून बफ झाल्यावर (चाकावर घासून चकचकीत केल्यावर), निकेलच्या आधी.

आता क्रोम आणि निकेल उतरवून घ्या (प्लेटरकडेच, घरी आम्लाचा उद्योग नको), तांबं राहू द्या आणि रेषा पुन्हा कापा. तांबं चिवट असतं. छिन्नीचं टोक आरशासारखं नसेल तर रेषेची कड फाटते. रंगाच्या रेषा ०.२५ ते ०.३ मिमी खोल, छटारेषा ०.१ मिमीपेक्षा खोलच. तळाला स्टील उघडं पडलं तर बिघडत नाही, त्यावर निकेल धरतं. आम्ल-तांबं मात्र थेट स्टीलवर धरत नाही, तेव्हा पुन्हा तांब्यात बुडवू देऊ नका.

कोरल्यावर बफचं चाकही नको. कडा गोल होतात, पॉलिशचा मसाला रेषांत अडकतो आणि तिथे मुलामा बसत नाही. धुवायला गरम अल्कलीचं द्रावण आणि मऊ ब्रश पुरे. चमकदार निकेलही थोडं भरतंच, १०-१५ मायक्रॉनवर थांबवा. रोज पावसात जाणाऱ्या गाडीला हे कमी पडेल, शोच्या गाडीला चालतं.

मुलामा_मास्तर :
पिवळट दिसतंय ते उघडं निकेल. क्रोम खाचेत पोचायला फार आळशी. रंग भरणार असाल तर ते तसंच राहू द्या.

सोनं क्रोमवर धरत नाही, वरचा ऑक्साइडचा थर आड येतो. सगळीकडे निकेल झालं की पानांवर मास्किंग लॅकर (मुलामा अडवणारा लेप), मग क्रोम. लॅकर काढून उघडं निकेल सौम्य गंधकाम्लाने जागं करा आणि न वाळवता लगेच ब्रश प्लेटिंगने (टाकीत न बुडवता ब्रशने दिलेला मुलामा) सोनं. निकेल वाळलं की पुन्हा सुस्तावतं आणि सोनं पापुद्र्यासारखं निघतं. भोवतालचं क्रोमही झाका, नाहीतर कडेला डाग येतात.

इम्पाला_६४ :
म्हणजे रंग सगळ्यात शेवटी? धरावा म्हणून रेषा आतून खरवडून घेऊ का?

छिन्नीबहाद्दर :
हो, शेवटी. खरवडू नका, कँडी पारदर्शक असते, तिची झळाळी खालच्या चकचकीत धातूचीच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, धातूसाठीचा पारदर्शक अॅडहेजन प्रमोटर (रंग धरवणारा थर) पातळ मारा. कँडी कॉन्सन्ट्रेट टू-के क्लिअरमध्ये (हार्डनर मिसळायचं पारदर्शक वार्निश) मिसळून बारीक ब्रशने भरा. सॉल्व्हंट उडाला की रंग खाली बसतो, त्यामुळे दोन-तीन पातळ हात लागतात. एकदम जाड भरलात तर आत बुडबुडे.

रेषेबाहेरचा रंग पुसताना कडक कार्डाला तंतू न सोडणारं कापड गुंडाळा, ते सॉल्व्हंटने किंचित ओलं हवं, आणि रेषेला तिरकं ओढा. भिजलेला बोळा रेषेतला रंगही उपसतो. नंतर हार्डनरच्या डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ सुकू द्या. आयसोसायनेटवाला (वाफ फुप्फुसाला घातक) हार्डनर असेल तर साधा धुळीचा मास्क चालत नाही.

मुलामा_मास्तर :
सोन्याच्या पानांवर मेटल पॉलिश कधीच नको, थर एका मायक्रॉनचाही नसतो. साबणपाणी आणि मायक्रोफायबर, बस.