विषय: १,४८,००० मैल चाललेली व्हॉल्व्हो व्ही ७० आर घ्यावी का?

प्रेषक: लीड्सचा सभासद (सध्या मुक्काम प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी,

दिवाळीला घरी आलोय. पुढच्या आठवड्यात परत निघेन. लीड्सला पोचलो की एक गाडी पाहायला जायचंय, त्याआधी इथल्या जाणत्यांचा सल्ला हवा आहे.

२००४ ची व्हॉल्व्हो व्ही ७० आर. इस्टेट, म्हणजे मागे लांबलचक डिक्की. पाच सिलिंडरचं अडीच लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, सहा गिअर मॅन्युअल, चारही चाकांना ताकद. मीटरवर १,४८,००० मैल, म्हणजे जवळपास २,३८,००० किलोमीटर. मालक ४,८०० पौंड मागतोय. एमओटीचा, म्हणजे तिकडच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास ऑनलाइन पाहिला: २०१६ पर्यंत गाडी वर्षाला अकरा-बारा हजार मैल पळाली, तोवर १,३८,००० झाले होते. त्यानंतर आजपर्यंत एकूण फक्त दहा हजार. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा रबरी पट्टा) २०१३ मध्ये १,०२,००० वर बदलल्याची पावती आहे. मालक म्हणतो, पट्ट्याचे अजून बरेच मैल शिल्लक आहेत.

बाबांचं म्हणणं, अडीच लाख किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे भंगार. आणि घ्यायचीच असेल तर चार वर्षांनी परत येताना नागपूरला घेऊन ये, उजव्या हाताचीच तर आहे. मला दोन्ही पटत नाही, पण समजावून सांगता येत नाही.

आर गाडी कोणी वापरली आहे का?

*

प्रेषक: धरमपेठचे काका (पूर्वी ब्रॅडफर्ड)

प्रिय मुला,

तू इथे नागपुरातच बसून मंडळाला ईमेल लिहितोस? फोन कर आणि घरी ये. पण बाकीच्यांनाही उपयोग होईल म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तू आकडा बघून घाबरला आहेस, पण चुकीच्या आकड्याला. पहिले १,३८,००० मैल मला अजिबात भीतीदायक वाटत नाहीत. बारा वर्षं सातत्याने पळालेली गाडी बहुधा मोटरवेवर पळालेली असते. इंजिन नीट तापतं, ऑइल वेळेवर बदललं जातं, क्लचवर पाय कमी पडतो. माझी चिंता आहे शेवटच्या दहा हजारांची. नऊ-दहा वर्षांत दहा हजार म्हणजे गाडी उभी होती. अधूनमधून चालू केली, दोन मैल फिरवली, अर्धवट तापवून परत लावली. अशाने इंजिनात ओल साचते, ऑइलचा गाळ होतो, रबर कडक पडतं, ब्रेकच्या डिस्कला गंज चढतो. मालक हे मैल कमी म्हणून सांगतो. मी ते दुखणं म्हणून वाचतो.

पट्ट्याचंही तसंच. मैलांच्या हिशेबाने ४६,००० च झाले, हे खरं. पण रबराला मैल कळत नाहीत, वर्षं कळतात. बारा वर्षांचा पट्टा संपलेलाच समज. या इंजिनात पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खाली उतरवावं लागतं. तेव्हा पट्टा, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्र बदलायचे. आणि हे काम गाडी घरी चालवत आणण्याच्या आधी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ब्रॅडफर्डला असताना मी एक वेगवान इस्टेट घेतली होती, नाव घेत नाही. फक्त ५२,००० मैल! तिचा चमकता रंग पाहून तुझ्या काकूने त्याच दिवशी हळदकुंकू लावलं. मी पट्ट्याची तारीख विचारली नाही, कारण मैल कमी होते. सातव्या आठवड्यात लीड्सच्या रिंगरोडवर इंजिन एकदम बंद पडलं. मागच्या सीटवर धाकटी झोपलेली होती. ट्रक बाजूने गेला तो आवाज मला अजून आठवतो. पैसे गेले त्याचं नंतर काही वाटलं नाही, पण तारीख न विचारल्याचं आजही वाटतं.

आता आर बद्दल. गाडी सुंदर आहे. २००३ ते २००७ एवढीच वर्षं निघाली. मॅन्युअलला ४०० न्यूटन मीटर टॉर्क, पुढे ब्रेम्बोचे चार पिस्टनचे ब्रेक. तू मॅन्युअल शोधलीस हे बरं केलंस. पण काही ठिकाणी बोट ठेवून पाहा.

पहिलं म्हणजे अँगल गिअर. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद वळवणारी ती पेटी. तिच्यात एक छोटी खाचांची बाही असते, तिचे दाते झिजून गुळगुळीत होतात. मग गाडी चालते, काही कळत नाही, पण ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. ओल्या गवतावर किंवा खडीवर उभी करून हळूच पण ठाम अॅक्सिलरेटर दे. पुढची चाकं नुसती फिरली आणि मागची थंड राहिली, तर बहुधा बाही गेली. चारही टायर एका जातीचे आणि सारखे झिजलेले आहेत का तेही पाहा. पुढे नवे, मागे जुने अशी जोडी असली की पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यात कायम फरक राहतो आणि तो ताण त्या पेटीवर येतो.

दुसरं, शॉकअप. चारही शॉकअप इलेक्ट्रॉनिक आहेत, डॅशबोर्डवर कम्फर्ट, स्पोर्ट, अॅडव्हान्स्ड अशी तीन बटणं. तिन्ही दाबून एकाच खड्ड्यावरून गाडी ने. फरक जाणवला पाहिजे, आणि शॉकअपच्या अंगावर ऑइल पाझरलेलं नको. हे शॉकअप मिळायला अवघड आणि महाग. यांचं काम निघालं तर गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च सहज होऊ शकतो.

क्लच, फ्लायव्हील, लोअर आर्मचे बुश, अॅक्सल बूट हे नेहमीचं, ते कुठलाही चांगला गॅरेजवाला पाहील. वळायला ही गाडी फार जागा मागते, पार्किंगमध्ये दोनदा मागे-पुढे करावं लागलं तर दोष समजू नकोस.

उद्या सकाळी आठ वाजता ये. चहा घेऊन माझ्या मिस्त्रींकडे जाऊ.

*

प्रेषक: हॅरोच्या ताई

अरे, गाडीचं काका सांगतील, मी कागदांचं सांगते.

तुझी गाडी २००४ ची, हे तुझ्या फायद्याचं आहे. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदणी झालेल्या आणि किलोमीटरला २२५ ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्या रोड टॅक्सच्या के पट्टीत थांबतात. त्या तारखेनंतरची तीच गाडी एल किंवा एम पट्टीत जाते आणि वर्षाला तीनशे पौंडांच्या वर फरक पडतो. म्हणून कोणी “नवी आहे, २००७ ची” म्हणून दाखवली तर भुलू नकोस.

२०१४ च्या ऑक्टोबरपासून टॅक्स गाडीबरोबर नव्या मालकाकडे येत नाही. विमा आणि टॅक्स दोन्ही तुझ्या नावाने करूनच चावी हातात घे. लॉगबुकवर नाव आहे म्हणजे तो मालक आहे असंही नसतं, तो फक्त नोंदलेला वापरणारा. गाडीवर कर्ज बाकी आहे का याचा रिपोर्ट काढ, थोडे पौंड लागतात.

गणपतीला लंडनला येणार असशील तर नंबर टाकून युलेझचं (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारा लंडनचा पट्टा) तपासून घे. ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो त्यात आहेत. गाडी त्याच्या नियमात बसत नसेल तर दिवसाचे साडेबारा पौंड.

*

प्रेषक: लीड्सचा सभासद (प्रतापनगर)

काका, ताई, मनापासून आभार.

सकाळी काकांबरोबर कॉटन मार्केटकडच्या त्यांच्या मिस्त्रींकडे गेलो होतो. आधी तर्री पोहे, मग गॅरेज. त्यांनी व्हॉल्व्हो आयुष्यात उघडलेली नाही, पण दोन तासांत जे दाखवलं ते मी कुठल्याही व्हिडिओत पाहिलेलं नाही.

एका टॅक्सीचं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि माझा तळहात वर धरायला लावला. हाताला फुंकर लागली. म्हणाले, “हे बॅक कॉम्प्रेशन. हात ढकलून राहिली तं समज इंजन आतून दमलं.” मग शेजारच्या गाडीवर तेच केलं, हाताला काहीच लागलं नाही. मी त्यांना सांगितलं की व्हॉल्व्होवाले त्याच तोंडावर रबरी हातमोजा बसवतात. मोजा फुगला तर इंजिनाची श्वास सोडायची नळी तुंबली असं समजतात. त्यावर त्यांनी मान हलवली. “फुगला म्हणून लगेच इंजन खराब म्हणू नको. नळी साफ कर, मग पुन्हा पाह्य.”

निघताना सांगितलेलं एक वाक्य मी लिहूनच घेतलं: “गाडी पाहाले जाशीन तं सकाळी जाजो. गरम इंजन सगळ्याइलेच चांगलं वाटते.”

टायरवरचे चार आकडेही त्यांनीच वाचायला शिकवले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. समृद्धीवर जाणाऱ्या गाड्यांचे टायर ते आधी याच आकड्यांवरून बघतात, खाच कितीही दिसो. मे महिन्यातलं काँक्रीट आणि तासाला १२० ची चाल जुन्या रबराला झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नागपूरला आणण्याचा प्रश्न काकांनी बाबांना फोनवर दोन मिनिटांत सोडवून दिला. परदेशातली वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असली तर भारतात आणताच येत नाही, कर भरायची तयारी असली तरी. वीस वर्षांच्या गाडीचा विषयच नाही. बाबा थोडे हिरमुसले. १९९२ मध्ये टाटांची इस्टेट आली तेव्हा त्यांना ती घ्यायची होती, आणि माझ्या शिक्षणासाठी ते राहून गेलं, हे मला आज पहिल्यांदा कळलं. काटोलहून संत्री भरून आणायला अशी गाडी हवी, असं तेव्हा त्यांच्या मनात होतं.

*

प्रेषक: लीड्सचा सभासद

मंडळी, गाडी पाहून आलो. सकाळी नऊला पोचतो असं आधीच कळवलं होतं. बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. मालक प्रामाणिक माणूस निघाला. आईच्या आजारपणामुळे २०१६ नंतर नोकरी सोडली, म्हणून गाडी उभी राहिली. दोन फायली भरून पावत्या, ऑइल बदलल्याची प्रत्येक तारीख. २०१६ नंतरही वर्षातून एकदा ऑइल बदललेलं आहे, मैल कितीही झालेले असोत. काका, तुमची मोठी शंका इथे बरीच मिटली.

पहिल्या चावीत सुरू झाली. धूर नाही. झाकणावर मोजा बसवला, किंचित फुगला आणि तसाच राहिला. शॉकअपची तिन्ही बटणं वेगळी जाणवली, बाहेरून कोरडे. मागचे टायर २०१४ चे, पुढचे जवळपास नवे. आणि गवतावर पुढची चाकं फिरली, मागची हललीसुद्धा नाहीत. मालक माझ्या शेजारी उभा होता, त्याचा चेहरा पडला. त्याला माहीत नव्हतं. मी त्याला टायरांच्या जोडीचं समजावून सांगितलं, कोणाला दोष न देता.

बाही, चार टायर, पट्ट्याचं पूर्ण काम आणि श्वासाची नळी, असा हिशेब त्याच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आम्ही दोघांनी मिळून लिहिला. ४,८०० चे ३,४०० झाले. ताई, कर्जाचा रिपोर्ट स्वच्छ आला. युलेझचं तपासतोय.

काका, पट्टा बदलेपर्यंत इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही असं ठरवलंय. उद्या ट्रेलरवर घालून थेट गॅरेजला नेतो. गॅरेजवाले म्हणतात, वॉटर पंप ठीक दिसला तर ठेवू, पैसे वाचतील. काय करू?

*

प्रेषक: धरमपेठचे काका

वॉटर पंप बदलच. तो त्याच पट्ट्यावर फिरतो. पंप उद्या गळला की पट्टा भिजतो आणि हीच सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. कूलंटच्या वरच्या-खालच्या होजही दाबून पाहा, कडक लागल्या तर त्याच दिवशी बदलून घे.

काम झालं की तारीख आणि मैल कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटव. जुना पट्टा गॅरेजमधून मागून घे, उलटा वाकवून त्याच्या भेगांचा फोटो काढ आणि मला पाठव. मिस्त्रींना दाखवायचा आहे, ते रोज विचारतात पोट्ट्याच्या गाडीचं काय झालं. बाबांनाही गाडीचा फोटो पाठव, डिक्की उघडून काढलेला.