स्टिकरवर पोलिसी कारवाई कशाला?

लिंगओळखीच्या वादात, म्हणजे जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या ट्रान्स स्त्रियांना स्त्री म्हणायचं की नाही या भांडणात, स्टिकर लावणं म्हणजे नुसतं विद्रूपीकरण, हे काही मला पटत नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डला ट्रान्स स्त्रियांना वगळणारी 'स्त्री : प्रौढ मानवी मादी' अशी व्याख्या छापलेले स्टिकर लागले, तर पोलिसांनी चक्क साक्षीदारांना पुढे यायचं आवाहन केलं! ज्यांना कुणी व्यासपीठ देत नाही त्यांच्याकडे खिशात मावणारा तो कागदच उरतो. ट्रान्स हक्कांचे समर्थकही तेच करतात. एकमेकांचे स्टिकर नखाने खरवडतात, खांबावर अर्धा शब्द आणि काळपट डिंक राहतो. चालू द्या की. मात्र तोच कागद एखाद्या ट्रान्स व्यक्तीच्या दारावर चिकटवला तर तो निषेध नाही, धमकी आहे. तिथे पोलीस हवेतच.